प्रेस काढलेलं गाणं

३ फेब्रुवारी, सोमवार

गाण्यातून प्रेस काढून टाकली. कुणाला विचारलं? मला नाही, ह्यांना नाही. तेहतीस वर्षं ज्या गाण्यात प्रेस धप्प धप्प पडत होती ते गाणं नातीने धुऊन आणलं आणि वर म्हणते, "आजी, ऐक ना, किती क्लीन झालंय." क्लीन करायला गाणं काय मोरी आहे?

जयभीम. हे आधी लिहायचं असतं, पण डोकं तापलं की रीत राहून जाते.

ही वही खरं तर माझी नाही. ह्यांना अर्धांग होऊन चौदा महिने झाले. उजवा हात-पाय गेला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, पण शब्द ओठापर्यंत येतो आणि माघारी फिरतो. दवाखान्यात स्वरूपा मॅडम आहेत, बोलायला शिकवतात. त्या म्हणाल्या, "सरूबाई, रोज कोणते शब्द बोलले ते लिहून ठेवत जा." पतपेढीची डायरी पडून होती, ती घेतली. ह्यांचे शब्द एका ओळीत संपतात. खालचं पान रिकामं ठेवून काय त्याची पूजा करायची? म्हणून मी लिहिते. चौथी शिकले आहे, अक्षर वाचता येतं तेवढं पुरे.

आजचे शब्द: हां. नको. हां.

आता प्रेसचं. हे भोसरीला एका वर्कशॉपात पॉवर प्रेसवर, पत्रा ठोकायच्या मशीनवर, होते. गाण्याचा नाद भारी. ब्याण्णव साली ह्यांनी आणि सोपानराव ढोलकीवाल्यांनी मिळून कॅसेट काढली, 'आकुर्डीची अत्तरवाली'. आठ गाणी. मालकाने रेकॉर्डिंगला आपलं केबिन दिलं, पण म्हणाला, "गाणी काय म्हणायची ती म्हणा, सेकंड शिफ्ट थांबणार नाही." मधे नुसता पत्रा. पलीकडे मालोजी प्रेसवर, त्याचा पाय पेडलवर पडला की अलीकडे टेबलावरचा ग्लास हलायचा. पुण्याहून आलेला रेकॉर्डिंगवाला मशीन आवरून निघायला लागला. हे म्हणाले, "थांब भाऊ. ती थांबत नाही तर आपणच तिच्याबरोबर जाऊ." प्रेस पडली की शब्द उचलायचा, पडेपर्यंत शब्द धरून ठेवायचा. आठही गाणी तशीच झाली. मागे कोरसला दोघी होतो, मी आणि ह्यांची धाकटी बहीण कौसा.

ती कॅसेट निगडीपासून चाकणपर्यंत टपऱ्यांवर वाजली. लग्नांत वाजली. लोक नाचताना प्रेसवरच पाय टाकायचे.

आणि आमची अंजली, माझ्या मुलाची, ज्योतीरामची पोरगी, हिंजवडीत कॉम्प्युटरवर कामाला, मारुंजीत दोघी मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. दिवाळीत कॅसेट घेऊन गेली. काल नवीन गाणं मोबाइलवर पाठवलं. जुनंही पाठवलंय, शेजारी शेजारी, म्हणजे फरक कळावा. कळला.

५ फेब्रुवारी

शब्द: हां. च्या (चहा म्हणायचं होतं).

पाठ दुखते. ह्यांना उठवून बसवायचं, पुसायचं, पुन्हा निजवायचं. सून रुपाली सकाळी कंपनीच्या बसने जाते, ज्योतीराम चाकणला ओव्हरटाइम करून येतो तो जेवतानाच पेंगतो. दिवसभर मी आणि हे. एकाचं बोलणं थांबलं आणि दुसरीला थांबता येत नाही.

७ फेब्रुवारी

आज एक गंमत झाली, मॅडमना सांगायला पाहिजे.

भांडी घासताना जुनं गाणं लावलं होतं. आतून आवाज आला. मला वाटलं मोबाइलच. जाऊन बघते तर हे गात होते. अख्खी ओळ:

सायकलीच्या घंटीवानी नाव तुझं वाजतं
सेकंड शिफ्टचं ऊन मला चांदण्यागत लागतं

चहा म्हणता येत नाही त्या माणसाला चांदण्यागत म्हणता आलं. तोंड वाकडं, आवाज फाटका, पण शब्द सगळे जागच्या जागी. "घंटीवानी" म्हणून थांबायचं, प्रेस पडली की "नाव तुझं". तसेच थांबले, तसेच उचलले.

मग मी नवीन लावलं. तेच गाणं, आवाज काचेसारखा. "घंटीवानी" म्हणाले आणि थांबले, प्रेसची वाट बघत. प्रेस कुठली यायला. मोबाइलमधला ह्यांचाच आवाज पुढे निघून गेला आणि हे मागे राहिले. चाळिशीतलाही नव्हता तो गडी, अडुसष्टच्या म्हाताऱ्याला टाकून गेला. दोनदा लावलं, दोन्ही वेळा तेच.

मग मी खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि फरशीवर मारायला लागले. धप्प. नाव तुझं. धप्प. खालची बाई वर आली. "मावशी, काय कुटताय? माझ्या पंख्याचा गज हलतोय."

म्हटलं, "नवरा दुरुस्त करतेय."

शब्द: मोजले नाहीत. गाण्यातले धरायचे की नाही ते मॅडमना विचारायचं.

९ फेब्रुवारी, रविवार

अंजली आली. केसांना निळा रंग. असो.

तिला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिने, नाही असं नाही. पण स्वतःचं सोडत नाही, माझ्यावरच गेली आहे. म्हणाली, "आजी, जुन्या टेपमध्ये निम्मे शब्द ऐकूच येत नव्हते. आजोबा काय कमाल गायलेत हे कुणाला कळलंच नाही. प्रेस काढली तर आवाज मोकळा झाला."

"प्रेस काढली ती काढली, आवाज पुढे का ओढलास?"

"अगं, प्रेस गेल्यावर ते लेट वाटायला लागले. प्रत्येक ओळीला उशीर. मग सरळ केलं."

"लेट नव्हते ते. वाट बघत होते."

ती लॅपटॉप उघडून दाखवायला लागली की हल्ली गाण्यातून एकेक आवाज वेगळा काढता येतो. ढोलकी वेगळी, पेटी वेगळी, आजोबा वेगळे. निवडलेल्या भाजीसारखं सगळं. मग तिने कोरस लावला. एकटी कौसा. पातळ, गोड, तशीच जशी होती. कौसाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. जुन्या टेपमध्ये ती आहे हे माहीत होतं म्हणून ऐकू यायची, नाहीतर नाही.

मी म्हटलं, "कोरसला दोघी होतो."

अंजलीने खालचा ओठ चावला. "तुझा आवाज खालचा आहे ना आजी, जरा जाडसर. प्रेसचा आवाज पण खालचाच. मशीनला दोन्ही एकच वाटलं. प्रेस काढली तशी तू पण निघालीस. मी खूप ट्राय केलं गं."

म्हटलं, "बरंच झालं की. मी कुठे गाणारी होते. दोन बाया पाहिजेत म्हणून ह्यांनी उभी केली होती."

मला त्याचं काही नाही. माझं म्हणणं प्रेसबद्दल आहे.

जाताना तिने दुसरंच सांगितलं. एका कंपनीला नवीन गाणी आवडली आहेत, आठही बाहेर काढणार. अंजलीचं हे पहिलं काम, तिचं नाव लागणार. पण मूळ गायकाचा होकार हवा, त्यांच्या स्वतःच्या तोंडून, व्हिडिओ कॉलवर. त्या कंपनीची दिव्या नावाची कुणी फोन करेल.

"आजोबांना जमेल ना?"

म्हटलं, "मी आहे ना."

शब्द: हां. अं. नको.

१२ फेब्रुवारी

त्या दिव्याचा फोन आला. गोड बोलते, सारखं "काका, काका" करत होती. ह्यांना उशीला टेकवून बसवलं, फोन समोर धरला.

"काका, नवीन गाणी ऐकलीत? आम्ही ती लोकांसमोर आणू का?"

ह्यांनी तोंड उघडलं. "अं... अ..." मान हलली, पण होकाराची की नकाराची ते काय कळणार, मान तशीही हलते. पोरगी थांबली होती. मला ते बघवेना. परक्यासमोर माणूस असा आचके देतो.

मी फोन माझ्याकडे वळवला. म्हटलं, "ह्यांना नाही आवडलं. गाण्याचा जीव काढलाय म्हणतात. नाही म्हणतात ते."

"असं काका म्हणाले का?"

"चव्वेचाळीस वर्षं संसार केलाय बाई मी. त्यांच्या मनातलं मला कळतं."

फोन ठेवला. काम संपलं.

शब्द: काही नाही.

१३ फेब्रुवारी

सकाळी भात भरवायला गेले तर तोंड फिरवलं. दुपारी पण. रात्री ज्योतीरामच्या हातून चार घास खाल्ले, माझ्या हातून नाही. पोटात गडबड असेल. ओवा दिला.

अंजलीचा फोन आला, रडत होती. "आजोबा असं म्हणाले? कधी म्हणाले? काय शब्द वापरले?"

म्हटलं, "शब्द असते तर रडं कशाला होतं?"

तिने फोन कापला. आजीवर फोन कापायची पद्धत निघाली आहे आता.

शब्द: नको. नको. नको.

१६ फेब्रुवारी, रविवार

सोपानराव आले काळेवाडीच्या दुसऱ्या टोकाहून, काठी टेकत. माणूस मूळचा मावळातला, पन्नास वर्षं शहरात काढली पण जीभ गावातच ठेवून आला. त्यांना अंजलीने गाणी पाठवली होती. दारातूनच सुरू.

"वहिनी! तेहतीस वर्सांनी माझी ढोलकी ऐकू आली हो!"

म्हटलं, "ऐकू आली म्हणूनच कळलं किती ठिकाणी चुकत होतात."

"आवो ती प्रेस! सगळी ढोलकी गिळली तिनं. गावाकडं कॅसेट नेली, तर भाऊबंद म्हनले, सोपाना, तू हायेस कुठं ह्यात? आता सापडलो बघा. नातवाला ऐकवली. पोरगी हुशार हाय तुमची."

"आणि प्रेस गेली त्याचं काय?"

"गेली तर गेली. चाळीस वर्सं कान फोडले तिनं, आता बिनप्रेसचं ऐकू द्या की जरा." हसले. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही, ते प्रेसमुळेच.

हे पडून ऐकत होते. सोपानरावांनी ह्यांच्या छातीशी मोबाइल ठेवला आणि नवीन गाणं लावलं. मी म्हटलं, "लावू नका, त्यांना त्रास होतो."

"व्हय का रे भीमा? त्रास व्हतो?"

ह्यांनी डावा हात नुसता वर केला. थांब, म्हणून. कुणाला, ते मला नीट कळलं नाही.

तिसरं गाणं लागलं. त्यात कोरसच्या दोन ओळी आहेत, मधे बाकी वाद्यं बंद. कौसाचा आवाज आला. ह्यांनी डोळे उघडले. ओठ जमवले, सोडले, पुन्हा जमवले. सोपानराव नुसते बघत बसले. चहा निवेपर्यंत बसले असतील. मग हे म्हणाले,

"कौसा."

स्वच्छ. त्या नावासारखं स्वच्छ नाव चौदा महिन्यांत ह्या घरात ऐकलं नाही.

"पुना," म्हणाले. सोपानरावांनी पुन्हा लावलं. तीनदा लावलं.

डोळ्यांतून पाणी आलं. एका डोळ्यातून तसंही येतं, आजाराचं. आज दोन्हीतून होतं.

शब्द: कौसा. पुना. पुना.

चौदा महिन्यांत माझं नाव आलेलं नाही. त्यात विशेष काही नाही, आधी तरी कुठे घ्यायचे? "अगं" वर सगळा संसार झाला.

१८ फेब्रुवारी

दवाखान्यात नेलं. मॅडमनी वही मागितली. मी कशी देणार, ह्यात काय काय लिहिलंय. म्हटलं घरी राहिली. मग रिक्षाची वाट बघताना बाकड्यावर बसून ह्यांचे तेवढे शब्द एका चिठ्ठीवर उतरवले आणि आत नेऊन दिले. दोन आठवड्यांचे शब्द, चिठ्ठी अर्धी पण भरली नाही. वहीची पानं चौदा झाली आहेत.

मॅडमना गाण्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, असं होतं, गाण्याचे शब्द डोक्यात दुसऱ्या वाटेने येतात. जुनं गाणं सोबत म्हणायला चांगलं. पण "कौसा" वाचून त्या जास्त खूश झाल्या. म्हणाल्या, "सरूबाई, हा पाठ केलेला शब्द नाही. हा त्यांनी स्वतः शोधून आणलाय. कसा आणला?"

सांगितलं, नवीन गाण्यामुळे.

"आणि किती वेळ दिला होता त्यांना?"

"सोपानरावांनी दिला. बराच."

"तुम्ही किती देता?"

मी म्हटलं, "मॅडम, माझी दुपारी धुणी-भांडी असतात."

त्या हसल्या, पण लिहून घेतलं काहीतरी.

शब्द: घरी. हां.

२० फेब्रुवारी

मन घट्ट करून आज ह्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसले. विचारलं, "त्या पोरीला मी नाही म्हणून सांगितलं. ते बरोबर केलं का?"

बघत राहिले.

मी मनात आकडे मोजले. मॅडमनी सांगितलेली युक्ती. सातपर्यंत गेले आणि तोंडातून निघालंच, "म्हणजे प्रेस नाही ना त्यात, तुम्हाला गाता येत नाही त्याच्याबरोबर, आणि..."

ह्यांनी डावा हात उचलला आणि माझ्या तोंडावर ठेवला. अख्खा पंजा. हाताला वरणाचा वास येत होता. दाबला नाही, नुसता ठेवला, बराच वेळ. कुकर वाजला, शिट्ट्या झाल्या, तरी काढला नाही.

भात लागला खाली.

मग हात काढला आणि बोलायला लागले. "मा... मा..." पुढे काही येईना. मला चार शब्द सुचत होते, चारही जिभेवर होते. माझं, माहीत, मागे, मालोजी. एकही दिला नाही. तेही दमले, मीही दमले. शेवटी झोप लागली त्यांना.

काय होतं ते कळलं नाही. आतापर्यंत मला वाटायचं की कळतं.

शब्द: मा. (अर्धा.)

२१ फेब्रुवारी

अंजलीला फोन केला. तिसऱ्या वेळी उचलला.

"बोल," म्हणाली. आजी म्हणाली नाही.

म्हटलं, "तुझे आजोबा नाही म्हणाले नव्हते. मी म्हणाले."

"माहितीये मला."

"माहितीये तर मग रडत कशाला होतीस?"

"तू का म्हणालीस ते माहीत नव्हतं म्हणून."

मी प्रेस, प्रेस म्हणत राहिले. ती म्हणाली, "आजी, मी जुनं पुसलेलं नाहीये. ते कायम आहे. आजोबांना रोज तेच लाव, त्याच्याबरोबर गाऊ देत. पण हे दुसरं लोकांत जाऊ दे की नको, एवढंच त्यांना विचारायचंय." मग म्हणाली, "आणि तुझा आवाज मी अजून शोधतेय. एका गाण्यात मालोजीआजोबांचा पाय चुकलाय, प्रेस अर्धी ओळ उशिरा पडलीये. तेवढ्या जागेत तू आहेस. तीन शब्द सापडलेत."

म्हटलं, "तीन पुष्कळ झाले. मला ऐकायचे नाहीत."

मग पाठवले तिने. पाठवले म्हणून ऐकले. बाई जाडसर आवाजाची आहे खरी, पण सुरात आहे. ह्यांना नाही ऐकवले. ऐकवले असते तर मीच शेजारी बसून विचारत बसले असते, कोण ते ओळखलं का, ओळखलं का.

कॉल उद्या सकाळी अकरा वाजता पुन्हा ठेवलाय. अंजलीने त्या दिव्याला काय सांगितलं कोण जाणे. ती तयार झाली.

माझं म्हणाल तर अजून तेच. प्रेस काढायला नको होती. नवीन गाणं सुंदर आहे, कौसा सापडली, सोपानराव सापडले, आणि तरी ते गाणं कुठल्याही शहरातल्या कुठल्याही माणसाने म्हटल्यासारखं वाटतं. हे माझं मत. मला कुणी विचारलेलं नाही आणि उद्याही विचारणार नाहीत, तेच बरोबर आहे.

घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, इथेही लिहून ठेवते म्हणजे माझ्याही ध्यानात राहील. उद्या रुपालीने सुट्टी काढली आहे, तिने अकरा वाजता मिक्सर लावायचा नाही. सोपानराव येणार, त्यांनी "व्हय म्हन रे भीमा" असं शिकवायचं नाही. अंजलीने तोंड पाडायचं नाही आणि हसायचंही नाही. ज्योतीरामने फोन धरायचा, हात दुखला तर दुसऱ्या हातात घ्यायचा. त्या दिव्याला घाई असेल तर तिने पुढच्या आठवड्यात करावा. मी आतल्या खोलीत राहणार, दार लावून, आणि आतून "काय म्हणाले?" असं विचारणार नाही. अकराचे बारा वाजू देत, दोन वाजू देत. उत्तर भीमराजने द्यायचं. दुसऱ्या कुणी नाही.